ट अक्षराची खुर्ची

सन एकोणीसशे अठ्ठ्याऐंशीचा जानेवारी. पौष चालू होता, संक्रांत नुकतीच झाली होती आणि गुऱ्हाळं भरात होती. त्या हंगामात मला एका शोधनिबंधाच्या संदर्भसूचीत बसायला बोलावणं आलं. मी जाऊन बसलो.

ज्यांना हे ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. निबंधात ज्याचं म्हणणं घेतलं असेल त्याला निबंध छापायला जाईपर्यंत त्रैमासिकाच्या कचेरीत आपल्या खुर्चीवर बसावं लागतं. तो जिवंत असो की मेलेला. नुसतं नाव लिहून भागत नाही. नाव कोणीही लिहील. पूर्वी नुसती लिहीत होते आणि त्यात लबाडी फार झाली, म्हणून माणूस समक्ष बसवायची पद्धत आली. पद्धत चांगली आहे.

मी गुळव्या. काहिलीत उसाचा रस उकळतो, तो गूळ कधी झाला आणि काहील कधी उतरवायची, हे गुळव्या सांगतो. त्याच्या शब्दाशिवाय काहील हलत नाही. माझी शाळा दुसरीपर्यंत. माझ्या हातून आजवर एक काहील करपलेली नाही. याहून जास्त माझ्याबद्दल सांगण्यासारखं नाही.

निघताना बायकोनं विचारलं, "काय बोलला हुता तुमी त्या बाईला?"

"आठवत न्हाई."

"मग कशाला चाललाय?"

"बोलावलंय."

"घरात तुमचं म्हणणं कोण घेत न्हाई, आन् शहरात घेतलं?" ती हसली. पण धोतर कडक इस्त्रीचं काढून ठेवलं होतं. वर म्हणाली, "सूचीतच बसा हं. आभारात उभं करत असतील तर माघारी या. माझा भाऊ मागं आभारात उभा हुता. चार दिवस पाय सुजलं हुतं."

मी म्हणालो, मी उभा राहणारा माणूस नाही.

कचेरीच्या फाटकाशी रोहिणी शिंत्रे बाई वाट बघत होत्या. निबंध त्यांचा. दोन हंगामांपूर्वी त्या टेप घेऊन गुऱ्हाळावर आल्या होत्या आणि दिवसभर धुरात बसून डोळे लाल करून गेल्या होत्या. निबंध गुऱ्हाळातल्या जळणावर होता.

"मामा, आलात. बरं झालं." त्यांनी माझी पिशवी घेतली. मी परत घेतली. चालता चालता त्यांनी सगळं सांगितलं. त्या कॉलेजात सहा वर्षं हंगामी होत्या. सोमवारी कमिटी बसणार होती. निबंध या अंकात आला तर नोकरी कायम, नाही आला तर जूनपासून घरी. छापखान्याचा माणूस पाच वाजता येणार. तोवर सूचीतली प्रत्येक खुर्ची भरलेली हवी आणि प्रत्येकानं आपलं म्हणणं आपलं आहे असं कबूल केलेलं हवं.

"एक खुर्ची जरी रिकामी राहिली ना मामा, तरी निबंध परत येतो."

"रिकामी ऱ्हाणार न्हाई," मी म्हणालो. "मी आलोय."

दिवाणखान्याच्या दारात आठल्ये उभे होते. सूची लावणं हे त्यांचं काम. अंगानं बारीक, बगलेत मोजपट्टी. त्यांनी नाव विचारलं.

"दौलू भैरू टिपुगडे."

"असं नाही. आडनाव आधी. आडनाव घेऊन उंबऱ्यापर्यंत या. उंबऱ्यावर थांबा. मग नाव घेऊन आत या."

"थांबायचं कशाला?"

"स्वल्पविराम."

मी टिपुगडे म्हणत उंबऱ्यापर्यंत गेलो. थांबलो. आठल्यांनी मान हलवल्यावर दौलू भैरू म्हणत आत पाऊल टाकलं. ते म्हणाले, उत्तम. सकाळपासून पुष्कळ प्राध्यापकांना दोनदा-तीनदा बाहेर पाठवावं लागलं होतं म्हणे. ते न थांबताच आत घुसत होते.

आत भिंतीला लावून खुर्च्यांची रांग होती. अ पासून सुरू होऊन ह ला संपत होती. दोन खुर्च्यांमध्ये सारखंच अंतर. ते आठल्ये मोजपट्टीनं बघत होते आणि कुणी खुर्ची जवळ ओढली की लगेच मागं सरकवत होते. ज्याचं पुस्तक असेल त्यानं ते मांडीवर घ्यायचं. गळ्यात पाटी, पाटीवर नाव आणि साल. बाहेरच्या व्हरांड्यात एक घोळका सतरंजीवर पत्ते खेळत होता. मी विचारलं, हे कोण?

"ते ‘आणि इतर’," आठल्ये म्हणाले. "त्यांना आत जागा नसते. त्यांच्यातला पहिला आत बसतो."

व्हरांड्यातून एक जण ओरडला, "सगळं काम आम्ही केलं, आणि खुर्ची त्याला!"

"पान टाका," दुसरा म्हणाला.

ट मध्ये मी एकटाच होतो. माझ्या डाव्या हाताला झारापकर म्हणून अर्थशास्त्राचे प्राध्यापक. वारून बरीच वर्षं झाली होती. कोट जुना पण नीट होता. उजव्या हाताला ठोसर, तेही प्राध्यापक, जिवंत आणि जाडजूड. ठोसरांची पुस्तकं दोन होती, वेगवेगळ्या सालांतली, म्हणून त्यांना दोन खुर्च्या मिळाल्या होत्या. तपासणी एका खुर्चीवरून दुसरीवर गेली की त्यांनी पाटी बदलून पलीकडे सरकायचं. त्याचा ते सराव करत होते.

"तुमचं पुस्तक?" आठल्यांनी मला विचारलं.

"न्हाई."

"मुलाखत आहे," बाई म्हणाल्या.

"मांडीवर काहीतरी पाहिजे. मोकळी मांडी आमच्याकडे चालत नाही."

मी पिशवीतून गुळाची ढेप काढली. माझ्याच काहिलीची, लहान, बाईंना द्यायला आणली होती. ती मांडीवर घेतली. आठल्यांनी ती जरा फिरवून सपाट बाजू पुढे केली. म्हणाले, चालेल.

ठोसर म्हणाले, "मुंग्या येतील."

"येऊ देत. चांगल्या गुळाला येत्यात."

झारापकर वास घेत होते.

खुर्ची चांगली होती. पाठीला वेत होता. बसण्याच्या बाबतीत मी कडक आहे. आपल्या जागेवर बसावं, दुसऱ्याच्या जागेवर बसू नये. माझ्यावर आयुष्यात कुणाचं देणं राहिलेलं नाही, एक सोडून. भैरोबाच्या जत्रेत एका वर्षी मी काहिलीवरून उशिरा पोचलो. पंगत भरली होती, पानं वाढून झाली होती. सातू टोणपे माझा जळव्या. काहिलीखालच्या चुलवाणात रस काढलेल्या उसाची चिपाडं घालून जाळ सांभाळायचा. तो पंगतीत बसला होता, समोर पुरणपोळी होती, घास घ्यायचा बाकी होता. मला बघितलं आणि उठला. "आप्पा, बसा," म्हणाला. मी बसलो. तो शेवटच्या पंगतीला बसला, तेव्हा पोळ्या संपल्या होत्या आणि त्याला आमटी-भात मिळाला. मी त्याच दिवशी त्याला म्हणालो, ही जागा उसनी. तो म्हणाला, असू द्या की. पुढच्या प्रत्येक जत्रेला मी उठून त्याला बोलावलं. तो कधी आला नाही. मी उभा असताना बसायचं त्याच्यानं होत नसे. गेल्या वैशाखात तो वारला. जागा माझ्याकडे राहिली.

तीनला तपासणी सुरू झाली. आठल्ये एकेकापुढे उभे राहून निबंधातलं वाक्य वाचायचे. तो म्हणायचा, "होय, माझं." आठल्ये खूण करायचे आणि पुढं सरकायचे. क मधल्या एका साहेबानं आपल्या वाक्यात शेवटी एक शब्द गाळला आहे म्हणून वाद घातला. तीन टिंबं देऊन तो मिटवला. टिंबं म्हणजे शिपायानं त्यांच्या खुर्चीपुढे तीन सुपाऱ्या ठेवल्या. मग ते गप्प बसले. झारापकरांनी नुसती मान हलवली. मेलेल्यांची मान होकार म्हणून धरतात.

आठल्ये माझ्यापुढे आले. वाचलं: "‘चिपाड ओलं असलं की काहील रेंगाळते आणि गूळ काळा पडतो.’ टिपुगडे. होय?"

मी वाक्य ऐकलं. मग मला तो दिवस आठवला. बाईंनी विचारलं होतं, गूळ काळा का पडतो? सातू चुलवाणाच्या तोंडाशी उकिडवा बसला होता. तो मान वर न करता मला म्हणाला, आप्पा, बाईस्नी सांगा, चिपाड ओलं असलं की काहील रेंगाळती. मी बाईंना सांगितलं.

यात चूक कुणाचीच नाही. गुऱ्हाळावर परक्या माणसाशी फक्त गुळव्या बोलतो. जळव्याला काही सांगायचं असेल तर तो गुळव्याला सांगतो आणि गुळव्या पुढं सांगतो. काहील उकळत असताना दोन तोंडांनी बोलणं सुटलं की रस हातचा जातो. ही रीत माझ्या बापाच्या आधीपासूनची आहे. बाईंना ती माहीत नव्हती. त्यांच्या टेपलाही नव्हती.

"होय?" आठल्यांनी पुन्हा विचारलं.

"न्हाई," मी म्हणालो.

रांगेतल्या सगळ्या माना वळल्या. मेलेल्यांच्याही.

"टेपवर तुमचा आवाज आहे," आठल्ये म्हणाले. "मी स्वतः ऐकलाय."

"आवाज माझा. म्हणणं सातूचं."

"कोण सातू?"

"टोणपे. माझा जळव्या."

बाई पुढं आल्या. त्यांचा चेहरा उतरला होता. "मामा, तुम्हीही हेच सांगितलं असतं ना मला?"

"सांगितलं असतं. पण त्यानं सांगितलं."

"तुम्ही बसलात तर कुणाचं काय बिघडतंय?"

"माझं."

ठोसर म्हणाले, "अहो, बसा की. आमच्यातले निम्मे असेच बसलेत." रांगेत दोघं-तिघं खोकले.

आठल्ये खोकले नाहीत. ते विचार करत होते. "‘टोणपे यांचे म्हणणे, टिपुगडे यांच्या सांगण्यावरून,’ असं लावता येईल. नियमात आहे. पण त्याला एकापुढे एक दोन खुर्च्या लागतात. ट ला एकच आहे."

"ठोसर सरांकडे दोन आहेत," बाई म्हणाल्या.

"माझी सालं दोन आहेत!" ठोसरांनी दुसऱ्या खुर्चीवर हात ठेवला.

"मग टिपुगड्यांना आभारात घेऊ. दाराशी उभे—"

"मी उभा ऱ्हाणारा माणूस न्हाई. खुर्ची त्याची हाय. त्याला बोलवा."

"कुठे असतात ते?"

"वारला."

"त्यानं अडत नाही," आठल्ये म्हणाले. "दोघंही ट मधलेच, हे एक बरं झालं. नाहीतर आख्खी रांग हलवावी लागली असती." त्यांनी पाटीवरचं माझं नाव ओल्या फडक्यानं पुसलं आणि तिथं लिहिलं: टोणपे, सातू. खाली साल. तेवढं केलं की बोलावणं पोचतं. मेलेल्यांना कार्ड पाठवत नाहीत.

"पाचच्या आत येतील?" बाईंनी विचारलं.

"ते त्यांच्यावर आहे."

मी खुर्ची सोडून बाजूला उभा राहिलो. ढेप खुर्चीवर ठेवली. आठल्ये उरलेली रांग तपासायला पुढं गेले. ठोसर दोनदा "होय, माझं" म्हणाले आणि मधे वेळेवर सरकले. बाई खिडकीशी जाऊन रस्त्याकडे बघत होत्या. मी त्यांच्याजवळ गेलो.

"तो येईल," मी सांगितलं.

"नाही आला तर माझी सहा वर्षं जातील, मामा."

"कळलंय मला. बोलावल्यावर सातू आला न्हाई असं कधी झालं न्हाई."

"पण आता ते..."

"तरी."

झारापकर पहिल्यांदाच बोलले. "पहिल्या वेळी उशीर होतो, बाई. मला पहिल्यांदा बोलावलं तेव्हा चष्मा सापडेना. पुढे सवय होते." आणि मला म्हणाले, "तेवढ्या वेळात एक खडा मिळेल का?" मी ढेपेचा कोपरा मोडून दिला. त्यांनी तो हातात धरून ठेवला. खाता येत नसावा. पण त्यांचा चेहरा खुलला.

साडेचार होऊन गेले. ह पर्यंत सगळ्या खुणा झाल्या. ट मोकळी होती. व्हरांड्यातल्या इतरांनी पत्ते बंद केले होते आणि दारातून आत बघत होते. छापखान्याचा माणूस लवकरच आला. सायकल भिंतीला टेकवून तो पायरीवर बसला आणि तंबाखू मळू लागला.

तेवढ्यात व्हरांड्यातला एक जण म्हणाला, "कोणतरी आलंय. राखेनं भरलंय."

सातू दारात उभा होता. डोक्याला टापर, खांद्यावर घोंगडं, कोपरापर्यंत राख. होता तसाच होता. आठल्ये धावत गेले.

"आडनाव आधी. उंबऱ्यावर थांबा."

सातूला थांबायला सांगावं लागत नाही. तो उंबऱ्यावर थांबला आणि तिथंच उकिडवा बसला.

"आत या. तुमची खुर्ची ती."

सातूनं खुर्चीकडं बघितलं. मग माझ्याकडं. मी उभा होतो. तो हलला नाही.

"वेळ फार थोडा आहे हो," बाई म्हणाल्या.

आठल्यांनी तिथंच वाक्य वाचलं. "हे तुमचं?"

सातू उठला, माझ्याजवळ आला आणि कानाशी हळूच म्हणाला, "आप्पा, सायबास्नी सांगा, व्हय म्हणून."

मी म्हणालो, "व्हय म्हणतोय."

"तुमच्याकडून नाही चालणार," आठल्ये म्हणाले. "याच्यामुळेच तर झालं सगळं. त्यांनी स्वतः, आपल्या खुर्चीवरून, मोठ्यानं."

सातू परत माझ्या कानाशी आला. "मला न्हाई जमायचं. तुमी उभं असताना मी बसू? आन् ह्या एवढ्या साळंच्या माणसांत बोलू? त्यापेक्षा तुमीच बसा. मला काय करायचंय नाव? मी जातो."

"गप," मी म्हणालो.

छापखान्याचा माणूस पायरीवरून उठला. त्यानं हात झटकले आणि आत आला. "काय साहेब, निघायचं का? ट राहिलं वाटतं?"

बाईंनी डोळ्याला पदर लावला नाही. नुसत्या उभ्या राहिल्या. सहा वर्षं हंगामी काढलेल्या माणसाला तसं उभं राहता येतं.

मी सातूचं मनगट धरलं. राख लागली. मनगट गार होतं, पण हाड तेच. "सातू, भैरोबाची जत्रा आठवती?"

"कुठली?"

"तुला सगळ्या आठवत्यात. त्यातली ती."

तो खाली बघायला लागला. "आप्पा, ते कशाला आता."

"मी काय म्हणालो हुतो?"

"उसनी म्हणालासा."

"मग? वैशाखात कोण निघून गेलं न घेताच?"

"माझ्या हातात हुतं व्हय ते?" सातू म्हणाला. जरा मोठ्यानंच म्हणाला. ठोसर हसले, तेव्हा तो चपापला.

"मी कुणाचं ठेवून घेतलेलं न्हाई. तुझं तेवढं हाय. ते घेऊन मी तुझ्या वाटंनं येणार न्हाई. परत घे."

"इथं?"

"इथं."

"पंगत कुठाय पण?"

मी रांगेकडे हात केला. अ पासून ह पर्यंत माणसं ओळीनं बसली होती, सगळ्यांच्या मांडीवर काही ना काही होतं, आणि मधली एक जागा मोकळी होती. सातूनं ती ओळ या टोकापासून त्या टोकापर्यंत बघितली. घोंगडं काखेत घेतलं. खुर्चीपाशी गेला, ढेप उचलून वेतावरून टापरानं धूळ झाडली. धूळ नव्हती, राख त्याचीच पडली. मग परत माझ्याकडं बघायला लागला.

मी म्हणालो, "सातू, बस."

तो बसला. ढेप मांडीवर घेतली. मोडलेला कोपरा झारापकरांच्या हातात बघून त्यानं सपाट बाजू आपणहून पुढे केली. आठल्यांनी पाटी त्याच्या गळ्यात घातली आणि वाक्य पुन्हा वाचलं.

"टोणपे. होय?"

सातू सवयीनं मान वळवून मला शोधत होता. मी त्याच्या मागे, खिडकीशी जाऊन रस्त्याकडं तोंड करून थांबलो होतो.

"व्हय," सातू मोठ्यानं म्हणाला. चुलवाणावरून हाक मारावी तसा. "माझं हाय. चिपाड ओलं असलं की गूळ काळाच पडणार. सांगून सांगून थकलो हुतो ह्यास्नी."

व्हरांड्यातले इतर टाळ्या वाजवायला लागले. आठल्यांनी त्यांना गप्प केलं, खूण केली आणि कागद छापखान्याच्या माणसाच्या हातात दिले. तो सायकलीवर बसून गेला. बाई खिडकीशी माझ्याजवळ येऊन उभ्या राहिल्या.

कचेरीतून चहा आला. रांगेतल्या प्रत्येकाला एक कप. उभ्या माणसांना चहा नसतो. सातूनं कप घेतला, खाली ठेवला, आणि खुर्चीवरून न उठता मान वळवून माझ्याकडं बघितलं.

"आप्पा," सगळ्यांच्या देखत तो म्हणाला, "फिटलं."